रोटेगावच्या पलीकडचा परदेश

पहिल्यांदा परदेशी जाऊन आलेल्या कुणालाही विचारून बघा, सगळ्यात जास्त घाम कुठे फुटला? इमिग्रेशनच्या रांगेत म्हणणारे थोडे, क्लायंटसमोरच्या पहिल्या मीटिंगमध्ये म्हणणारे त्याहून थोडे. बहुतेक जण सांगतील, स्टेशनावरच्या तिकिटाच्या मशीनसमोर. मागे रांग लागलेली, हातात नोटा, आणि समोर तो पडदा.

गंमत म्हणजे पडद्यावरची भाषा इंग्लिश करून घेतली तरी फारसा फरक पडत नाही. शब्द सगळे ओळखीचे असतात. कुठला झोन? कुठल्या मार्गाने? ऑफ-पीक का एनीटाइम? एक्सप्रेसचा अधिभार धरून की सोडून? तुम्हाला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक असतं, की तमुक गावी जायचंय. आणि मशीनला नेमकं ते सोडून बाकी सगळं हवं असतं.

या विषयावर गेली काही वर्षं जमेल तसं वाचतोय (छंद म्हणा, खूळ म्हणा). त्यातून माझं मत असं झालंय, की नवख्या देशातलं तिकीट कळायला भाषेपेक्षा एक वेगळीच गोष्ट कळावी लागते. ते तिकीट ज्यांनी बनवलं त्यांचा कुणाकुणावर भरवसा नव्हता? हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आणि हे मला जर्मनीत किंवा जपानमध्ये उमगलेलं नाही. ते उमगलं आमच्या तीर्थपुरीत, मोठ्या आबांमुळे.

तीर्थपुरी म्हणजे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. दक्षिणेला गोदावरी, तालुक्यातच समर्थांचं जांब, आणि हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. गावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर रांजणी, परतूर नाहीतर थेट जालना. मोठे आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. शिकायला म्हणून ते तीर्थपुरीहून पुण्याला गेले, १९४७ च्या डिसेंबरात. आमच्या घरातला रेल्वेने परदेशी गेलेला पहिला माणूस तोच. हो, परदेशच! निजामाच्या राज्यातून हिंदुस्थानात.

आज हे वाचताना विनोदी वाटेल. तीर्थपुरी मराठी, पुणं मराठी, मधली सगळी गावं मराठी. पण १९४८ पर्यंत औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. आताचा जालना जिल्हा त्यातल्या औरंगाबादमधूनच १९८१ साली वेगळा निघाला. संस्थानाची लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीत एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात. स्वतःचं टपाल आणि टपाल तिकिटं, स्वतःची जकात, राज्यकारभाराची भाषा उर्दू. सरकारी कागदांवर साल फसली. म्हणजे इकडे १९४७ चा डिसेंबर, तर तिकडे १३५७. आणि स्वतःचं चलन.

चलनाची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून सापडते. निजामाचा रुपया तो हाली. नाण्यावर चारमिनार. इंग्रजांचा रुपया तो कलदार, म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. स्वतःच्या नोटा काढायची परवानगी असलेलं सबंध हिंदुस्थानातलं हे एकच संस्थान. पहिलं महायुद्ध संपता संपता, १९१८ पासून त्या निघायला लागल्या. सरकारी भाव सहा कलदारांना सात हाली. ऐकायला सोपं आहे, पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया. एका कलदारचे एक रुपया दोन आणे आठ पै हाली. पाच कलदारचे पाच रुपये तेरा आणे चार पै. शंभराचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. हे हिशोब आमची आजी तोंडी करायची. ती शाळेत गेलेली नव्हती. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा कॅल्क्युलेटर घेऊन तिची परीक्षा घ्यायला बसलो होतो आणि प्रत्येक वेळी तिचंच उत्तर आधी यायचं.

जकातखात्याचं नाव करोडगिरी. १८०२ सालच्या इंग्रजांबरोबरच्या व्यापारी तहात पाच टक्के दर ठरला होता, आणि तो पुढची कित्येक दशकं तसाच चालत राहिला. घरात लग्न असलं आणि पुण्या-नगराहून शालू आणायचा झाला, की तो अंथरुणाच्या वळकटीत कसा गुंडाळायचा याचं एक शास्त्रच बायकांमध्ये होतं म्हणे.

आता रेल्वे. मुंबई-ठाणे १८५३, हे सगळ्यांना पाठ असतं. निजामाच्या राज्यात पहिली रेल्वे शिरली ती इंग्रजांची, सोलापूरहून गुलबर्गा-वाडी-रायचूरकडे जाणारी जीआयपी, मद्रासला जोडायला म्हणून. संस्थानची स्वतःची म्हणावी अशी पहिली रेल्वे म्हणजे १८७४ ची वाडी-सिकंदराबाद. पुढचा फाटा कसा आणि कुणाच्या पैशाने काढायचा यावरून १८८३ साली हैदराबादेत चक्क जनआंदोलन झालं. चांदा रेल्वेचं प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. लंडनमध्ये कंपनी काढायची, भांडवलावरच्या व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याने द्यायची, आणि अटी काय आहेत ते रयतेला कळू द्यायचं नाही, याविरुद्ध लोकांनी सभा घेतल्या. त्यात पुढे असलेल्या डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना राज्याबाहेर काढलं. हे सरोजिनी नायडूंचे वडील. त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनी निघाली, तिच्या नावातच हमी होती : निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. कंपनीला तोटा झाला तर भरून देणार रयत. आजच्या स्टार्टअपवाल्यांना असा इन्व्हेस्टर मिळाला तर!

आपल्या भागातला फाटा याच कंपनीच्या हाताखालचा, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. मनमाड ते सिकंदराबाद, ३९१ मैल, मीटर गेज. १८९९ ते १९०१ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मनमाड, अंकाई, नगरसूल इथपर्यंत नाशिक जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. नगरसूल सोडलं की वैजापूर तालुक्यातलं रोटेगाव, म्हणजे निजामाची हद्द. पुढे लासूर, दौलताबाद, औरंगाबाद, बदनापूर, जालना, रांजणी, परतूर, सेलू. आणि मनमाडला समोर उभी जीआयपी, तिचा रूळ रुंद. रुंद आणि अरुंद रुळांच्या मध्ये फलाट. गाडी बदला, हमाल करा, सामान मोजा. नकाशावरची सीमा नगरसूल आणि रोटेगावच्या मधे कुठेतरी शेतातून जायची, कुणाला दिसायचीही नाही. प्रवाशाला जाणवायची ती सीमा मनमाडच्या फलाटावर, दोन रुळांच्या रुंदीच्या फरकात. मीटर गेजला एक मीटर, आपल्या ब्रॉड गेजला साडेपाच फूट.

(आणखी एक भानगड. हा फाटा सुरू झाला तेव्हा हिंदुस्थानला एक प्रमाणवेळच नव्हती. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, जी मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे. आताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून. मुंबई शहर तर त्यानंतरही १९५५ पर्यंत आपली वेळ वेगळी ठेवून बसलं होतं, एकोणचाळीस मिनिटं मागे. वेळापत्रक वाचायचं म्हणजे आधी 'कुणाचे साडेआठ?' हे विचारायचं.)

तर अशा मार्गावर तिकीट कसं निघायचं?

त्यासाठी थोडं इंग्लंडला जाऊन यावं लागेल. पहिल्या रेल्वेगाड्यांची तिकिटं हाताने लिहून द्यायचे, घोडागाडीच्या तिकिटासारखी. वहीत नाव-गाव, पान फाडून प्रवाशाला. गर्दी वाढली तसं ते जमेना. शिवाय कारकुनाने दहा तिकिटं फाडून आठच लिहिली तर कळणार कसं? न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर एका छोट्या स्टेशनाचा मास्तर होता, थॉमस एडमंडसन. पूर्वी फर्निचर बनवायचा, धंद्यात बुडून रेल्वेत चिकटलेला. त्याने १८३० च्या दशकाच्या शेवटी डोकं चालवलं. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर, आधीच छापून ठेवलेले. 'कुठून-कुठे' छापलेलं, वर्ग छापलेला, आणि प्रत्येकावर पुढचा अनुक्रमांक. तिकीट देताना यंत्रात घालून खट्कन तारीख उठवायची. तुमच्यापैकी जे १९९० च्या आधी जन्मले त्यांनी ती पुठ्ठ्याची तिकिटं हातात घेतली असतील. तो खट् आवाज ज्याने ऐकलाय तो विसरणार नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना यातली खरी करामत लगेच कळेल. अनुक्रमांक! जालना ते मनमाड, तिसरा वर्ग, या तिकिटांचा एक वेगळा गठ्ठा. सकाळी वरचं तिकीट ०४२१. रात्री वरचं तिकीट ०४५८. म्हणजे सदतीस गेली. गुणिले भाडं. एवढी रक्कम गल्ल्यात पाहिजे, नसेल तर बाबूच्या पगारातून. ऑटो-इन्क्रिमेंट प्रायमरी की, तीही संगणकाच्या शंभर वर्षं आधी, पुठ्ठ्यावर. जगभरच्या रेल्वेने ही पद्धत उचलली ती प्रवाशाच्या सोयीसाठी म्हणून नक्कीच नाही. प्रवाशाला नंबराशी काय देणंघेणं? ते तिकीट बाबूवर नजर ठेवायला होतं. प्रवासी ते फक्त एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पोचवायचा आणि फाटकावर परत द्यायचा. म्हणूनच जुन्या माणसांच्या ट्रंकांमधून पत्रं, पावत्या, सनदा निघतात, पण रेल्वेचं तिकीट सहसा निघत नाही. मोठ्या आबांचंही एकही निघालं नाही.

पण याचा एक फायदा प्रवाशालाही झाला. त्याला काहीच माहीत असायची गरज उरली नाही. झोन, मार्ग, दर, सगळं बाबूच्या कपाटात. प्रवाशाने गावाचं नाव घ्यायचं, पैसे सरकवायचे. एपीआय असावा तर असा, एकच पॅरामीटर. आजच्या मशीनने केलं काय, तर बाबूला काढला आणि त्याच्या डोक्यातलं सगळं दरपत्रक प्रवाशासमोर ओतलं, की घे, तूच निवड. अर्थात खिडकी म्हणजे स्वर्ग होता असं समजू नका. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका लिहिली, ती वाचलीत तर त्या काळचं सोवळं चित्र डोक्यातून निघून जाईल. मुंबई ते मद्रास तेरा रुपये नऊ आणे भरून त्यांनी काय काय पाहिलं ते त्यात आहे. न वाचता येणाऱ्या माणसाला बाबू सांगेल ते भाडं आणि देईल ती मोड.

दुसरा पेच कंपन्यांचा. तुम्ही एका कंपनीच्या खिडकीवर पैसे दिलेत आणि प्रवास केलात तिघींच्या रुळांवरून, तर पैसे वाटायचे कसे? यासाठी इंग्लंडात १८४२ साली लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊस निघालं. पुढे तिथे हजारावर कारकून बसून रोज तिकिटं मोजायचे आणि कुठल्या कंपनीचे किती मैल, त्याप्रमाणे पैसे वाटायचे. फाटकावर गोळा झालेली तिकिटं म्हणजे या हिशोबाची कागदपत्रं. आपल्याकडेही रेल्वे कंपन्यांच्या परिषदेने विसाव्या शतकात असले नियम बसवले आणि एका कंपनीच्या स्टेशनावर दुसरीचं तिकीट मिळायला लागलं. प्रवाशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. त्याला वाटतं रेल्वे एकच आहे. ती एक नसते, कुणीतरी मागे बसून ती एक असल्याचं नाटक वठवत असतं.

परदेशातली तिकिटं कळेनाशी होतात ती हे नाटक जिथे जिथे उसवतं तिथे. इंग्लंडात १९९० च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं, कंपन्या वेगळ्या झाल्या, एकत्र तिकीट मात्र कायद्याने चालू ठेवलं. पैसे वाटायला ऑरकॅट्स नावाची संगणक प्रणाली. पण दर ठरवायची मुभा वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे लांबच्या एका तिकिटापेक्षा त्याच गाडीची दोन तुकड्यांतली तिकिटं कधीकधी स्वस्त! आपल्या भारतीय डोक्याला हे झेपत नाही, कारण आपल्याकडे उलट आहे. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, तुकडे केले की महाग पडतं. जपानमध्ये १ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचे तुकडे झाले, तरी अंतराचं मूळ तिकीट कंपन्यांच्या हद्दी ओलांडून चालतं. वेगाचे पैसे वेगळे, म्हणून शिंकान्सेनला हातात कधीकधी दोन तिकिटं येतात. एक जागा बदलल्याचं, एक लवकर बदलल्याचं. हे कळलं की तिथलं मशीन एकदम शहाण्यासारखं वागायला लागतं.

जर्मनीत आणखी निराळं. २००७ साली मी म्युनिकला चार महिने होतो. तिथे फाटकच नाही, सरळ फलाटावर जा. शहरात एक पट्ट्यांचं तिकीट मिळायचं, दहा पट्ट्या, दर झोनला दोन, तेवढ्या मोजून घडी घालायची आणि खांबावरच्या डब्यात सारून शिक्का उठवून घ्यायचा. पहिल्या दिवशी एका जर्मन आजीबाईंनी ती घडी माझ्यासमोर घालून दाखवली, शाळेत होडी करायला शिकवतात तशी, बोटाने कड दाबून. तिकीट विकणारा कुणी नाही, बघणारा क्वचित. सापडलात तर मात्र भक्कम दंड. बाबूवरचा अविश्वास इथे काढून टाकलाय, तो प्रवाशाच्या स्वतःच्या हातात दिलाय. झोन कशासाठी? बस, ट्राम, रेल्वे सगळ्या वेगवेगळ्या संस्था आणि पैसे त्यांच्यात वाटायचे म्हणून. या शहरी संघांची सुरुवात हॅम्बुर्गची, १९६५ ची. क्लिअरिंग हाऊसचीच नातवंडं ही. शेवटी २०२३ च्या मे महिन्यात देशभरासाठी एकच मासिक तिकीट काढलं, सुरुवातीला ४९ युरोला (पुढे ते महागलं), कारण झोनचा गुंता जर्मनांनाही उलगडेना.

असो. मोठ्या आबांकडे येतो.

मी लहान असताना ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. पुण्याला जाताना त्यांनी रांजणीला तिकीट काढलं ते मनमाडचं. मनमाडला उतरून, बाहेर जाऊन, परत खिडकीवर येऊन पुण्याचं. येताना पण तसंच. मला कळायला लागल्यावर मी त्यांना विचारलं, आबा, तेव्हा सलग तिकीट मिळत होतं की. दौंडवरून. मनमाड ते दौंड रेल्वे तर १८७८ पासून होती. मग तुकडे कशाला?

आबा म्हणाले, "अरे लेका, खिडकीवर गावाचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतंय. पुणं म्हणलं की शंभर जण ऐकणार."

याच्या मागचा काळ आठवून बघा. सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी, असा नियम, ज्याला लोक गश्ती निशान त्रेपन्न म्हणायचे, १९२९ पासून लागू होता. तरीही १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि ते भरलं परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. परतूर कशामुळे निवडलं ते माहीतगारांनी सांगावं, पण रेल्वेवरचं गाव असल्याचा उपयोग झाला नसेल असं मला वाटत नाही. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि निघताच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षअखेरीला वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले. उस्मानिया म्हणजे जिथे सगळं उच्च शिक्षण उर्दूतून. औरंगाबादच्या कॉलेजातली मुलंही त्या चळवळीत होती. काढलेल्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं, त्यातले एक पी. व्ही. नरसिंह राव. औरंगाबादहून नागपूरला जायचं तर वाट पुन्हा मनमाडवरूनच, तिथून भुसावळची गाडी. त्या पिढीच्या मराठवाड्यातल्या पोरांना मनमाडच्या तिकिटाचा अर्थ काय असेल?

आबा गेले तो डिसेंबर तर आणखीच वाईट. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारताशी जैसे थे करार केला. त्यानंतर काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढला, की भारताचं चलन संस्थानात कायदेशीर धरलं जाणार नाही. म्हणजे कालपर्यंत जो कलदार ऐटीत खिशातून काढायचा, तो आता लपवायचा. कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत होता. सरहद्दीच्या पलीकडे चळवळवाल्यांचे कॅम्प, त्यात मनमाडचंही नाव. रांजणीच्या खिडकीवर विशीतला पोरगा, हातात वळकटी, आणि म्हणतोय 'पुणं, एक'. तो कॉलेजला चाललाय का कॅम्पला, हे बाबूला काय माहीत, आणि मागे उभ्या असलेल्याला काय माहीत?

मनमाड म्हटलं तर चालून जायचं. मनमाडला बाजार होता, शिर्डीला जाणारे उतरायचे, नातेवाईक असायचे. हे म्हणजे इंग्लंडातल्या तुकडे-तिकिटासारखंच, फक्त तिथले लोक पैसे वाचवायला तुकडे करतात. आबांनी गावाचं नाव वाचवायला केले. एडमंडसनच्या पुठ्ठ्यावर तुमचं नाव नसतं, पण तुम्ही कुठे चाललात ते ठळक छापलेलं असतं. ते सगळ्यात आधी कुणाला कळतं, याचा विचार ज्या देशात करावा लागतो तो देश, मग भाषा कितीही आपली असो, परकाच. आजच्या तिकिटावर तर नाव, वय, फोन नंबर, सगळं असतं आणि ते कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसतं याचा आपण (आणि यात मीही आलो, माझं तर पोट यावर चालतं) एक क्षणही विचार करत नाही.

आबा मनमाडला उतरले, मैलभर चालल्यासारखं वाटलं म्हणाले, खरं तर फलाटाच्या बाहेर जाऊन आले असतील. तिथे धोतराच्या कनवटीतले हाली मोडून कलदार केले. सरकारी भाव सातास सहा असला तरी स्टेशनाबाहेरचा सराफ काही धर्मादाय उघडून बसलेला नव्हता. किती घेतले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, फक्त सराफाला द्यायची ती शिवी सांगितली. मग पुण्याचं तिकीट. या वेळी गावाचं नाव मोठ्याने घेतलं.

पुढच्या मे-जूनपर्यंत तर जाणं-येणंच अवघड झालं. २२ मे १९४८ ला गाणगापूर स्टेशनात मद्रास-मुंबई मेलवर हल्ला झाला. त्या गाडीतल्या लोकांना हैदराबादशी काही देणंघेणं नव्हतं, मद्रासहून मुंबईला चाललेले लोक. त्यांचं तिकीट सलग होतं, जमीन सलग नव्हती. मराठवाड्यातली कितीतरी घरं तेव्हा नाशिक, नगर, सोलापूर, बुलढाण्याकडे निघून गेली, कुणी रेल्वेने, बरेचसे बैलगाडीने रातोरात. आमच्या घरातल्या बायका गोदावरी उतरून पलीकडे नातेवाइकांकडे जाऊन राहिल्या. आबा पुण्यात, पत्र येईना. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. आबा दिवाळीला घरी आले.

त्या वेळीही ते मनमाडला उतरून दुसरं तिकीट काढून आले होते म्हणे. सवय.

नंतर एकेक गोष्ट मिटत गेली, पण एका दिवसात नाही. निजामाने आपली रेल्वे लंडनच्या कंपनीकडून १९३० सालीच विकत घेतली होती. ती ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपीबरोबर मध्य रेल्वेत विलीन झाली. आता मनमाडच्या दोन्ही बाजूंना एकच मालक, क्लिअरिंगचा प्रश्न मिटला. पण रूळ अरुंद ते अरुंदच. हाली रुपया काढणं १९५१ ला थांबलं, तरी तो पूर्ण बाद झाला १९५९ ला. तोवर मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात येऊनही तीन वर्षं झाली होती. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि आपला फाटा तिच्याकडे गेला, मुख्यालय सिकंदराबाद. गंमत बघा, राज्य मुंबईचं, रेल्वे परत हैदराबादची! २००३ पासून नांदेड विभाग. मनमाडला उतरून गाडी बदलण्याची भानगड संपली ती १९९० च्या दशकात, रूळ रुंद झाल्यावर. २००२ च्या ऑगस्टपासून तिकीट इंटरनेटवर मिळायला लागलं, आणि आता तीर्थपुरीच्या एसटी स्टँडवर उभं राहून फोनवर जालना-पुणे काढता येतं. फोनला फक्त गावाचं नाव लागतं, बाबूसारखंच.

रूळ रुंद झाल्यावर आजीला आम्ही जालन्याहून मुंबईला घेऊन गेलो होतो. तिचा रेल्वेचा प्रवास चाळीसेक वर्षांत झालेला नव्हता. मनमाड आलं, पाच-दहा मिनिटं थांबून गाडी सुटली, आम्ही कुणी उठलो नाही. तिने दोनदा खिडकीतून बघितलं, पायाखालची पिशवी जवळ ओढली आणि हळूच मला विचारलं, "उतरायचं नाही व्हय रे? मग करोडगिरीवाले कुठं चढत्यात?"